यीस्टच्या गुणसूत्रांची चेन केव्हा उघडायची?

ठाण्यातल्या बेकरीत पाव फुगवणारं यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, उपाशी राहिलं की बीजाणू धरतं. द्विगुणित (गुणसूत्रांच्या जोड्या असलेल्या) पेशी १ टक्का पोटॅशियम ॲसिटेटच्या द्रावणात ३० अंश सेल्सिअसला हलवत ठेवल्या, की ३२ गुणसूत्रांच्या एका पेशीतून १६-१६ गुणसूत्रांचे चार बीजाणू होतात. हेच अर्धसूत्री विभाजन: गुणसूत्रांची प्रत एकदा निघते, पेशी विभागते दोनदा. (प्रयोगासाठी मात्र बेकरीचं यीस्ट टाळावं, ते बीजाणू नीट धरत नाही. एसके-१ हा प्रयोगशाळेतला प्रकार घ्यावा, त्याच्या पेशी जवळपास एकदमच विभाजनात शिरतात.)

खरी कसरत मधल्या काही तासांत असते. स्पो-११ हे प्रथिन एका पेशीतला डीएनए साधारण १६० ठिकाणी तोडतं. जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांच्या आधाराने हे तुकडे सांधतात आणि काही ठिकाणी भागांची अदलाबदल करतात. या काळात झिप-१ प्रथिन त्यांना बॅगेच्या चेनसारखं जवळ बांधून ठेवतं. ही चेन जेमतेम १०० नॅनोमीटर रुंद असते.

ती उघडतात पेशीचक्राचेच (पेशी वाढून विभागण्याच्या नेहमीच्या क्रमाचेच) विकर: सीडीसी-५, आणि त्याच्या मदतीला सीडीसी-७ व सीडीसी-२८. तिघेही प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतात. मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की सीडीसी-७ आणि सीडीसी-२८ यांनीच सुरुवातीला मेर-२ या प्रथिनाला फॉस्फेट लावून डीएनए तोडायला परवानगी दिलेली असते. सीडीसी-५ मात्र उशिरा तयार होतो, कारण त्याचं जनुक एनडीटी-८० हे दुसरं प्रथिन सुरू करतं आणि तुटलेला डीएनए शिल्लक असेतो एनडीटी-८० दाबून ठेवलेलं असतं. एनडीटी-८० नसलेल्या पेशी चेन बंद असतानाच अडकतात. त्यांना बाहेरून फक्त सीडीसी-५ पुरवला, तरी चेन उघडते आणि अदलाबदलही पूर्ण होते. एनडीटी-८० वेळेआधी सुरू झालं, तर न सांधलेली गुणसूत्रं विभाजनात ओढली जातात.

पुढे पाळी रेक-८ या प्रथिनाच्या कड्यांची. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रतींना ती धरून ठेवतात. फॉस्फेट लागलेलं रेक-८ सेपरेज हा विकर कापतो. पण गुणसूत्रबिंदूजवळ (गुणसूत्राला जिथे धरून ओढलं जातं तिथे) शुगोशिन हे प्रथिन फॉस्फेट काढणारा विकर आणून बसवतं, म्हणून तिथली कडी दुसऱ्या विभाजनापर्यंत टिकते. शुगोशिन नसेल, तर प्रती आधीच सुटून कशाही वाटल्या जातात.

बिघाड पाहायला बीजाणू बारीक सुईने वेगळे करून प्लेटवर वाढवतात. पहिल्या विभाजनात एक जोडी सुटली नाही, तर चारपैकी दोन बीजाणू मरतात. दुसऱ्या विभाजनात एका गुणसूत्राची वाटणी चुकली, तर एक.