जुना सी कोड नव्या कम्पायलरवर का अडतो?

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये आली आणि तिच्यासोबत जीसीसी या मुक्त कम्पायलरची, म्हणजे सी कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची, चौदावी आवृत्ती आली. तेव्हापासून पणजी-मडगावच्या मित्रमंडळींकडून एकच तक्रार ऐकतो आहे : काल बिनबोभाट चालणारा प्रोग्राम आज कम्पाइलच होत नाही. "अपग्रेडने कोड मोडला" असं सगळे म्हणतात. मला हा शब्दच चुकीचा वाटतो. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

जीसीसीची पहिली बीटा मार्च १९८७मध्ये बाहेर पडली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटकराज्य झाला. टर्बो सी हा दुसरा कम्पायलरसुद्धा १९८७चाच, आणि आमच्या पिढीने सी शिकली ती त्या निळ्या पडद्यासमोर, मुक्त कम्पायलरवर नव्हे. 'व्हॉइड मेन', हेडर (फंक्शनांची ओळख करून देणारी फाइल) न जोडता फंक्शन वापरणं, आयओस्ट्रीम या हेडरच्या नावापुढे डॉट एच लावणं, या सवयी तिथल्या. नंतर लिनक्स आलं आणि त्या सवयी आम्ही जशाच्या तशा जीसीसीवर आणल्या. त्याने बऱ्याचशा मुकाट चालवूनही घेतल्या. डॉट एचवाली जुनी हेडर्स २००८मध्ये ४.३ आवृत्तीने काढून टाकली, तेव्हा पहिल्यांदा ठेच लागली.

मधल्या काळात जीसीसीच्या विकासात फूट पडली. १९९७मध्ये वेगळी चूल मांडली गेली आणि १९९९मध्ये तीच शाखा अधिकृत ठरली. पुढे तिसऱ्या मालिकेत सी प्लस प्लसचा एबीआय, म्हणजे आधीच कम्पाइल झालेल्या तुकड्यांनी एकमेकांशी जुळायची रीत, एकाहून जास्त वेळा बदलला. २०१५च्या पाचव्या आवृत्तीत स्ट्रिंगची अंतर्गत रचना बदलली, तरी जुनी आणि नवी दोन्ही एकाच लायब्ररीत शेजारी शेजारी ठेवली. माझ्या मते ते कष्टाचं आणि जबाबदारीचं काम होतं. त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही, कारण ते नीट झालं. २०२०च्या दहाव्या आवृत्तीत आणखी एक ठेच. 'एक्स्टर्न' न लिहिता हेडरमध्ये ठेवलेला ग्लोबल व्हेरिएबल आता दोन फाइलींत आला, तर कम्पाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर अडवतो.

पण खरा वाद पेटला तो मे २०२४च्या चौदाव्या आवृत्तीवरून. एखादं फंक्शन आधी जाहीर न करता वापरलं, तर जुनी सी भाषा गृहीत धरायची की ते इंट, म्हणजे पूर्णांक, परत देतं. १९९९च्या मानकाने ही मुभा काढून टाकली. कम्पायलरने मात्र ती चालू ठेवली. २०१५पर्यंत तर जीसीसी मुळात १९८९च्या मानकावरची, स्वतःच्या भर घातलेली जीएनयू बोलीच धरून चालायचा आणि जादा इशारे मागणारा 'डब्ल्यू-ऑल' पर्याय लावल्याशिवाय या चुकीबद्दल बोलायचाही नाही. २०१५ला आपणहून इशारा द्यायला लागला. २०२४ला तोच इशारा त्रुटी झाला आणि कम्पाइल थांबलं. शिवाय प्रकार न लिहिलेल्या जागी इंट गृहीत धरणं, पूर्णांक थेट पॉइंटरमध्ये (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) भरणं आणि न जुळणारे पॉइंटर एकमेकांना देणं, याही त्रुटी झाल्या.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. कित्येक प्रोग्रामचे मूळ लेखक आता कुठे आहेत कुणाला ठाऊक नाही. त्याहून वाईट गोष्ट कम्पाइल करण्याआधी मशीन तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टची. ती इवलासा चाचणी प्रोग्राम कम्पाइल करून बघते आणि तो अडला की "ही सोय या मशीनवर नाही" असं ठरवून पुढे जाते. चाचणीतच हेडर राहिलेलं असेल, तर बिल्ड पूर्ण होतं आणि सोय गुपचूप गायब होते. याच काळजीने क्लँग या दुसऱ्या कम्पायलरने हा बदल पंधराव्या आवृत्तीतून सोळाव्यावर ढकलला. ती मार्च २०२३मध्ये आली. लिनक्स वितरणांच्या स्वयंसेवकांनी हजारो पॅकेजेस पुन्हा कम्पाइल करून अशा जागा हुडकल्या आणि दुरुस्त्या मूळ प्रकल्पांकडे धाडल्या. हे काम आधी झालं म्हणूनच चौदावी आवृत्ती झेपली.

तरीही निर्णय बरोबर होता, असं मी ठामपणे म्हणतो. माझ्याकडे मांडवीतल्या खनिजाच्या बार्जच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवणारा एक जुना सी प्रोग्राम आहे. त्यात एक फंक्शन पॉइंटर परत द्यायचं आणि दुसऱ्या फाइलीत ते जाहीर न करताच वापरलेलं होतं. ३२ बिटांच्या मशीनवर पॉइंटर आणि इंट दोन्ही चार बाइटांचे, म्हणून काही बिघडलं नाही. ६४ बिटांवर पॉइंटर आठ बाइटांचा झाला, त्याचा वरचा अर्धा भाग कापला जायचा आणि प्रोग्राम मधेच कोसळायचा. रोज नाही, कधीतरी. दोन दिवस मी डेटा फाइलीला दोष देत बसलो होतो. कोड मोडलेला होता तो तेव्हाच. कम्पायलरने ते उशिरा सांगितलं, आणि त्या उशिराची जबाबदारी मात्र त्याची आहे. इतकी वर्षं चालवून घेतलेली चूक लोकांना चूक वाटत नाही.

जुनं चालवायची वाटही बंद केलेली नाही. आपल्याकडे गोव्यात १९६१ला राजवट बदलली, तरी १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतल्या कौटुंबिक तरतुदी चालू राहिल्या. तसंच इथे आहे. १९८९ची बोली हवी असं कम्पायलरला स्पष्ट सांगितलं, तर जाहीर न केलेलं फंक्शन तो आजही चालवून घेतो. 'एफ-परमिसिव्ह' लावलं तर या त्रुटी पुन्हा इशारे होतात. मेकफाइलमध्ये, म्हणजे कम्पाइल करायच्या सूचनांच्या फाइलीत, एका शब्दाची भर. ज्याला कोडला हात लावायची भीती वाटते त्याने हे जरूर करावं, पण आधी ते इशारे एकदा वाचून काढावेत.

एप्रिल २०२५ला पंधरावी आवृत्ती आली आणि सीचं मूळ मानक सी२३ झालं. 'बूल', 'ट्रू', 'फॉल्स' आता भाषेचे राखीव शब्द आहेत आणि रिकाम्या कंसाचा अर्थ "काहीही द्या" असा न राहता "काहीच देऊ नका" असा झाला. बार्जच्या प्रोग्राममध्ये 'बूल' नावाचा प्रकार मीच हाताने बनवला होता. ती ओळ काढली. रिकामे कंस अकरा ठिकाणी होते. त्यांतले नऊ भरून झाले आहेत. उरलेली दोन फंक्शनं वेगवेगळ्या जागी वेगवेगळी आर्ग्युमेंट्स घेतात आणि ती मला नव्याने लिहावी लागणार आहेत. तोवर मेकफाइलमध्ये सी१७ची बोली ठेवली आहे.