फोनचा प्रो मोड: एक शटर कळलं तरी पुष्कळ झालं

कोजागिरीच्या रात्री दहानंतर व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की प्रत्येक ग्रुपवर तोच फोटो असतो. गच्ची, मसाला दुधाचं पातेलं आणि वर काळ्या आभाळात एक पांढराफटक गोळा. डाग नाहीत, काही नाही. खाली कोणीतरी लिहिलेलं असतं, "फोनमध्ये चंद्र नीट येत नाही यार". येतो हो. अगदी दुर्बिणीतून काढल्यासारखा नाही येत, पण त्या गोळ्यापेक्षा खूप बरा येतो, फक्त ऑटो मोडला त्या वेळी समोर काय आहे हेच कळलेलं नसतं.

होतं काय, की ऑटो मोड समोरचा सगळा उजेड मोजतो आणि असं धरून चालतो की याची सरासरी मध्यम करडी यायला हवी. फोटोग्राफीवाले याला १८ टक्के ग्रे म्हणतात. आता फ्रेममध्ये बहुतेक काळं आभाळच असेल तर फोनला वाटतं अरे बापरे किती अंधार, उजेड वाढवा, आणि तो एवढा वाढवतो की चंद्र जळून पांढरा होतो. पण चंद्रावर त्या क्षणी भर दुपार असते ना! तो उन्हात पडलेला खडकच आहे, आणि तोही काही फार उजळ खडक नाही, अंगावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम १२ टक्के परत फेकतो, म्हणजे आपल्या जुन्या डांबरी रस्त्याइतकाच. तेव्हा रात्र झाली म्हणून रात्रीचं सेटिंग लावायचं नाही, उन्हातल्या रस्त्याचं लावायचं. प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे ही सेटिंगं आपण हातानं ठरवतो तिथे, झूम लेन्स, आयएसओ (उजळपणा वाढवणारा आकडा) १००, शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) १/५०० ते १/१००० सेकंदापासून सुरुवात करा आणि पुढे बघून कमीजास्त करा, डाग दिसायला लागतात.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. चंद्र आपल्याला केवढा मोठा वाटतो, पण आकाशात तो फक्त अर्धा अंश रुंद आहे. फोनचा मेन कॅमेरा आडवा साधारण ७० अंश बघतो आणि १२ मेगापिक्सेलच्या फोटोत त्या ७० अंशांत ४००० पिक्सेल बसतात, म्हणजे चंद्राच्या वाट्याला येतात जेमतेम तीस. तीस पिक्सेलमध्ये काय दिसणार? पाचपट खरं ऑप्टिकल झूम असेल तर दीडशे मिळतात, मग मजा आहे. (काही फोन चंद्र ओळखला की एआय लावून त्याचे तपशील उठावदार करतात, तो फोटो तुमचा किती आणि फोनचा किती हा वाद वेगळा.)

हाच घोळ उलट्या बाजूनंही होतो. वारीत पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, सगळी फ्रेम पांढरी, तर फोन म्हणतो उजेड फार झाला, कमी करा, आणि माउलींचे कपडे मळकट करडे येतात. यासाठी प्रो मोडपर्यंत जायचीही गरज नाही, साध्या कॅमेऱ्यात स्क्रीनवर टॅप केलं की सूर्याचं जे छोटं चिन्ह येतं ते थोडं वर सरकवा, बास. नवे फोन सीन ओळखून हे बऱ्यापैकी सांभाळतात, पण नेहमी नाही.

आता प्रो मोड. उघडला की आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स, फोकस अशी पाच-सहा बटणं दिसतात आणि बहुतेक जण तिथूनच परत फिरतात. तर माझं म्हणणं असं की यातलं खरं बटण एकच, शटर. मोठ्या कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक लहानमोठं करता येतं, फोनमध्ये ते बहुतेक वेळा कायमचं ठरलेलं असतं, एफ १.८ वगैरे जे काय असेल ते. सॅमसंगनं २०१८ च्या एस ९ मध्ये दोन मापांचं भोक दिलं होतं, अजूनही एखाद्या महागड्या मॉडेलमध्ये सापडतं, पण सर्वसाधारण फोनचं भोक बदलत नाही. मग सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवर, जास्त उजेड पाडायचा तर उपाय काय, शटर जास्त वेळ उघडं ठेवणं. दुसरा उपाय नाही.

"पण आयएसओ वाढवला की फोटो उजळ होतो की!" होतो, पण उजेड वाढत नाही. आयएसओ म्हणजे आत आलेल्या सिग्नलचं अ‍ॅम्प्लिफिकेशन. सभेत लाउडस्पीकरचा आवाज वाढवला की वक्त्याबरोबर माइकची घरघरही वाढते, तसंच. आणि ही घरघर सगळी फोनच्या इलेक्ट्रॉनिक्सची नसते, बराचसा नॉइज खुद्द प्रकाशाचा असतो, ही गोष्ट मला तरी फार भारी वाटते. प्रकाश फोटॉनच्या कणाकणानं येतो आणि ते कण काही रांगेत ठरल्या वेळी येत नाहीत, कधी चार जास्त कधी चार कमी. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडणार असतील तर त्यात साधारण १० इकडेतिकडे होतात, म्हणजे १० टक्के चूक. तेच १०,००० पडणार असतील तर १०० इकडेतिकडे, म्हणजे फक्त १ टक्का. वर्गमुळाचा हिशोब आहे हा, कितीही महागडा फोन घेतला तरी चुकत नाही. अंधारात काढलेल्या फोटोत गालावर जे रंगीत दाणे दिसतात त्यात या वर्गमुळाचा हात मोठा.

फोनची पंचाईत अशी की त्याचा सेन्सरच लहान. जाहिरातीत १/१.३ इंची असं ऐटीत लिहितात, तो प्रत्यक्षात साधारण १० बाय ७ मिलिमीटरचा असतो (हे इंच म्हणजे जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळीच्या मापावरून आलेलं भूत आहे, खरे इंच नव्हेत). मोठ्या, फुल फ्रेम म्हणतात त्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास बारापट. तेव्हा आपल्याला मुळातच कमी फोटॉन मिळतात, ते वेळ देऊन गोळा करायचे.

वेळ दिला की फोन हलतो, हे आलंच. हातात धरून १/२५ पर्यंत ठीक, स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं सावरायची फोनची सोय) चांगलं असेल तर १/१० पण निघतो, त्याच्या खाली ट्रायपॉड नाहीतर कठड्यावर बॅगेला टेकवून ठेवा. आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, कारण बोटानं बटण दाबलं की त्या धक्क्यानंच फोटो हलतो. समोरचं हलत असेल तर गणित उलटं, चालणाऱ्या माणसाला १/१२५ लागतं, ढोलावर पडणारी टिपरू थांबवायची तर १/१००० च्या आसपास जावं लागतं, आणि तिथे आयएसओ वाढवण्यावाचून इलाज नसतो, तेव्हा दाणे आले तरी येऊ द्या, हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो केव्हाही बरा.

पण घरात ट्यूबलाइटखाली १/१००० लावलं तर नवीनच भानगड होते. आमच्याकडे सोसायटीच्या हॉलमध्ये भाचीचा डान्स होता, तिच्या मैत्रिणीनं काढलेल्या सगळ्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे. भाची म्हणे, "मामा, हिचा फोन खराब झालाय का?" फोनला काही झालं नव्हतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, प्रत्येक फेऱ्यात दिवा दोनदा मंद होतो म्हणजे सेकंदाला १०० वेळा, स्वस्त एलईडीत तर हे जास्तच. डोळ्याला कळत नाही. फोनला कळतं, कारण तो सगळा सेन्सर एका झटक्यात वाचत नाही, एकेक ओळ करत वरून खाली जातो आणि त्यात १० ते ३० मिलिसेकंद सहज जातात. शटर १/१००० असेल तर एका ओळीला दिवा भरात असताना उजेड मिळतो आणि पुढच्या काही ओळींना मंद असताना, झाले पट्टे. शटर १/१०० केलं की प्रत्येक ओळीच्या वाट्याला दिव्याचा एक पूर्ण चढउतार येतो, मग सुरुवात कुठूनही होवो, सगळ्यांना सारखाच उजेड. १/५० केलं तर दोन पूर्ण. मी मैत्रिणीच्या फोनवर १/१०० करून दिलं आणि पट्टे गायब, आता नाचताना हात थोडे फराटल्यासारखे येतात पण ते चालतं, नाचच आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिकडच्या मंडळींनी हेच १/१२० किंवा १/६० वर करायचं. व्हिडिओत पट्टे येत असतील तर सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर शोधा, तिथे ५० निवडा.

आता अंधारातली खरी मजा. मे संपता संपता भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या बाजूला काजवे बघायला झुंबड उडते आणि शेकडो फोन वर होतात. अशा वेळी आयएसओ १६००, शटर १५ ते ३० सेकंद, फोन ट्रायपॉडवर. फोकस मात्र हातानं करायचा, मिट्ट काळोखात ऑटोफोकसला पकडायला काही नसतंच, तो नुसता पुढेमागे करत बसतो. स्लायडर डोंगराच्या चिन्हाकडे न्या, लांबचा एखादा दिवा झूम करून बघा, तो बारीक टिंबासारखा दिसला की फोकस बसला. आणि नेटवर दिसतात तसे हजारो काजव्यांचे फोटो एका फोटोत येत नाहीत, ते बहुतेक वेळा बरेच फोटो एकावर एक रचून केलेले असतात, उगाच आपल्या फोनला शिव्या देऊ नका. फ्लॅश आणि टॉर्च मात्र खरंच बंद ठेवा, काजव्याचा नर त्या लुकलुकण्यानंच मादीला हाक मारत असतो आणि आपल्या उजेडात ती हाक तिला दिसतच नाही.

तिथेच मान वर केली तर तारे. वाटेल की शटर जितकं लांब तितकं चांगलं, पण पृथ्वी फिरतेय. एका अंशाचे ३६०० भाग केले की एक आर्कसेकंद, आणि आकाश दर सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं. मघाचाच हिशोब धरला, ७० अंशांत ४००० पिक्सेल, तर एका पिक्सेलमध्ये साधारण ६३ आर्कसेकंद बसतात, म्हणजे तारा चार सेकंदांत एक पिक्सेल ओलांडतो. वीस सेकंदांत पाच पिक्सेल. फोनच्या स्क्रीनवर हे खपून जातं, मोठं करून बघितलं की टिंबाची छोटी रेघ झालेली दिसते. म्हणून मी दहा-पंधरा सेकंदांवर थांबतो. ध्रुवाजवळचे तारे हळू सरकतात, त्यांना जास्त वेळ चालतो.

पावसाळ्यात मग धबधबे येतात आणि पाणी दुधासारखं वाहताना दाखवायचा सोस येतो. इथे फोनचं ते न बदलणारं भोक आडवं येतं. लख्ख उन्हात एफ १.८ आणि आयएसओ ५० ला बरोबर एक्स्पोजर (फोटोला मिळणारा उजेड) येतं १/४००० च्या आसपास, आणि दुधाळ पाण्याला हवा किमान अर्धा सेकंद, म्हणजे उजेड दोन हजारपट जास्त झाला! गॉगल धरून बघा म्हणतात, पण गॉगल फार तर चार-आठपट अडवतो, बाकीच्याचं काय? एनडी फिल्टर नावाची काळी काच क्लिपनं लावायची, नाहीतर ठोसेघरला सूर्य बुडाल्यावर थांबायचं. आयफोनवाल्यांना एक पळवाट आहे, लाइव्ह फोटो काढून नंतर त्याला लाँग एक्स्पोजर इफेक्ट द्यायचा, तो आतल्या सगळ्या फ्रेम मिसळून पाणी दुधाळ करतो. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये शटर-आयएसओ हातात देत नाहीत, त्यासाठी वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं.

व्हाइट बॅलन्सबद्दल, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून फोन रंग सावरतो त्याबद्दल, थोडक्यात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर. पणतीची ज्योत साधारण १९०० केल्विनची, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. ऑटो पणतीचा पिवळेपणा काढायला बघतो आणि दिवाळीचा फोटो ऑफिसात काढल्यासारखा येतो. प्रो मोडमध्ये ३००० ते ३५०० ठेवा, ऊब राहते. गोंधळ इथे होतो की आकडा वाढवला की फोटो जास्त पिवळा होतो. कारण तुम्ही फोनला सांगत असता की समोरचा उजेड इतका निळसर आहे, म्हणून तो भरपाई करायला पिवळा ओततो.

रॉ फाइल काढायची सोय असेल तर हे सगळं घरी येऊन पण बदलता येतं. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाहीत, त्याच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी जाळी असते, निम्मी हिरवी आणि लाल-निळी पाव-पाव. कोडॅकच्या ब्राइस बायर यांचं १९७६ चं पेटंट, आजही बहुतेक फोनमध्ये तीच मांडणी किंवा तिचा एखादा भाऊबंद असतो. रॉमध्ये ते कच्चे आकडे तसेच ठेवले जातात, व्हाइट बॅलन्स नंतर लावायचा. फक्त १२ मेगापिक्सेलची एक फाइल वीस-पंचवीस एमबी घेते, तेव्हा बारशाचे दोनशे फोटो रॉमध्ये काढायच्या फंदात पडू नका.

तसंही बारशाला प्रो मोड कशाला? आजचा ऑटो म्हणजे एक फोटो नव्हेच, बटण दाबलं की फोन भराभर बऱ्याच फ्रेम घेतो, त्या जुळवतो आणि सरासरी काढतो, आणि पुन्हा तेच वर्गमुळ, नऊ फ्रेम मिसळल्या की नॉइज एक तृतीयांशावर येतो. गूगलनं नाइट साइट हा अंधारातल्या फोटोंचा मोड २०१८ मध्ये आणला ते याच्याच जोरावर. बऱ्याच फोनच्या प्रो मोडमध्ये ही सोय बंद होते आणि हातात एकच फ्रेम उरते, म्हणून हॉटेलच्या मंद दिव्यात बसलेल्या आजीचा फोटो ऑटोतच जास्त छान येतो, मी स्वतः तो ऑटोतच काढतो.

पण हेच फ्रेम जुळवणं आकाशात फुटणाऱ्या फटाक्यांना मारक ठरतं, कारण दोन फ्रेममध्ये सारखं काही नसतंच. तिथे प्रो मोड, आयएसओ ५० किंवा १००, शटर एक ते दोन सेकंद, फोकस अनंतावर, फोन कठड्यावर टेकवलेला. रॉकेट वर जायला लागलं की बटण दाबा, टायमर तेवढा बंद ठेवा. आणि फोटो सुरुवातीलाच काढून घ्या, थोड्या वेळानं धूर साचतो आणि पुढचं प्रत्येक एक्स्पोजर त्या धुराचंच येतं.