तलाव भरलेला, विहीर कोरडी

एप्रिलमध्ये गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमच्या पाझर तलावाचा फोटो आला. निम्म्याहून जास्त पाणी, काठाला बगळे. खाली जोडलेल्या हातांची रांग. तेवढ्यात पाळीखालच्या एका शेतकऱ्याने विचारलं, ‘‘तलावमा पानी शे, मंग मन्ही विहीर कोल्ली काब शे?’’

कुणी उत्तर दिलं नाही. खरं तर तलावात पाणी होतं म्हणूनच विहीर कोरडी होती.

1972च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर खानदेशात खडी फोडत, माती वाहत असे कितीतरी तलाव झाले. आमचाही त्यातलाच. याला मोरी नाही, पाट नाही; फक्त पाळ आणि सांडवा. पावसाचं पाणी अडवून जमिनीत मुरवायचं, एवढंच त्याचं काम. चांगला पाझर तलाव फेब्रुवारीपर्यंत आटलेला असतो. त्याचं पाणी तोवर खालच्या विहिरींत पोचलेलं असतं. खानदेशच्या मे महिन्यात उघड्या पाण्याची सेंटीमीटरभर वाफ एका दिवसात होते, म्हणून तलावात पाणी राखून ठेवणं म्हणजे ते उन्हाला देणं.

मग आमचा तलाव आटत का नाही? गाळामुळे, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण सगळा गाळ सारखा नसतो, आणि मला या गोष्टीचं भारी कौतुक आहे. पाण्यात बुडणाऱ्या कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण दहा मीटर खोल पाण्यात वीसएक मिनिटांत तळ गाठतो. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण त्याच्या पन्नासाव्या भागाएवढा, म्हणजे वेग अडीच हजारपट कमी. त्याला तेवढ्याच खोलीला महिना लागतो, आणि तोही पाणी अगदी निवांत असेल तर. त्यात या कणांवर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना ढकलतात आणि एकत्र येऊन जड होत नाहीत. तुरटी फिरवल्यावर गढूळ पाणी निवळतं ते हा भार मोडल्यामुळे, ॲल्युमिनियमच्या धनभारित आयनांमुळे. तलावात तुरटी कोण फिरवणार?

म्हणून वाळू-मुरूम नाला तलावात शिरतो तिथेच थांबतो आणि चिकणमाती पार पाळीपर्यंत येऊन सावकाश बसते. कातळाच्या ज्या भेगांतून पाणी खाली जायचं, त्यांवर ती वाकळ अंथरते. ती हातभर जाड असण्याचीही गरज नाही. बोटभर थरही पाझर खूप मंदावतो. काळी माती भिजली की फुगते, तेव्हा वाकळीला भोकही राहत नाही. तलाव पूर्ण सुकला तर चिखलाच्या खापऱ्या उलतात, भेगा पडतात आणि पुढच्या पहिल्या पुराचं पाणी थोडंफार खाली जातं. आमचा सुकतच नाही.

पांझरा नदीवरच्या फडाच्या, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीच्या, बंधाऱ्यांना ही अडचण नव्हती. ते काही शतकं जुने आणि बुटके, पूर आला की पाणी गाळासकट डोक्यावरून जायचं. साठवण नाही, म्हणून साठणंही नाही.

तलावांची कामं बदलतातच. जळगावच्या मेहरूणच्या काठी आज लोक सकाळी फिरायला जातात. आमच्याकडे आधी गुरं पाणी प्यायली, मग काठाला पाणी उपसायच्या मोटारी लागल्या आणि आता मासेमारीचा ठेका आहे. ठेकेदाराला पाणी जूनपर्यंत टिकायला हवं, विहीरवाल्याला ते फेब्रुवारीत मुरायला हवं. मधल्या मध्ये तळहातावर नारळ उभा करून बोअरची जागा दाखवणाऱ्यांचं बरं चाललंय. भेगाळ कातळात कुठेही खोदलं तरी कधीतरी ओल लागते. लागली की नारळाची ख्याती, नाही लागली की शेतकऱ्याचं नशीब.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना 2017 सालची. ट्रॉली भरभरून गाळ शेतात पडतो आणि हलक्या मुरमाड रानात त्याने ओल टिकते, हे खरं. ‘गाळ टाकला की खत नको’ हे मात्र खोटं. त्यात नत्र फारसं नसतं. आणि ट्रॉल्या भरतात कुठून? जिथे ट्रॅक्टर उतरतो तिथून, म्हणजे बहुधा नाल्याच्या तोंडाशी. वाकळ पाळीजवळच राहते.

पाळीजवळ खरवडायचं तर आधी पाणी काढावं लागेल. ते पंपाने त्याच कोरड्या विहिरीत सोडू, असं ग्रुपवर एकाने सुचवलं. मी नको म्हणालो. ते पाणी अजून गढूळच आहे, विहिरीच्या झऱ्यांवरही तीच वाकळ पसरेल.