डबल स्किन टाकी म्हणजे बंडेड टाकी नव्हे

इंग्लंडमध्ये खेड्याकडे घर घेतलं की गॅसची लाइन तिथवर पोचलेली असेलच असं नाही. मग परसात हिरवी प्लास्टिकची टाकी आणि घर तापतं ते केरोसिनवर, म्हणजे आपल्या रॉकेलवर. ओळखीच्या एका मराठी कुटुंबाने जुनी टाकी बदलताना विक्रेत्याचं ऐकून ‘डबल स्किन’ घेतली. दोन भिंती आहेत, गळणार कुठून? बसवायला आलेल्या माणसाने आधी कुंपणापलीकडचा ओढा दाखवला. टाकीच्या जागेपासून जेमतेम नऊ पावलं. तिथे नियमाने बंडेडच टाकी लागते, म्हणजे गळलेलं तेल अडवणारा ‘बंड’, बाहेरचं कवच, असलेली.

दिसायला दोन्ही सारख्याच: टाकीत टाकी. पण बंडेड टाकीचं बाहेरचं कवच आतल्या टाकीच्या 110 टक्के तेल धरू शकतं. आत 1000 लिटर, तर बाहेर 1100 लिटरची जागा. शिवाय तेल भरायचं तोंड, हवेची नळी, मापक हे सगळं कवचाच्या आत, म्हणजे भरताना सांडलं तरी आतच राहतं. डबल स्किनला दुसरी भिंत असते, पण ती एवढं तेल धरेलच याची हमी नसते. विकत घेताना ‘110 टक्के’ हे लेखी मागा, ‘डबल’ या शब्दावर जाऊ नका. इंग्रजीतला हा ‘बंड’ हिंदुस्थानातूनच गेलेला, आपल्या शेतातल्या बांधाचा नातलग. भिंती किती हे बांधाला कोणी विचारत नाही, किती अडवतो हे विचारतात.

बंड कुठे सक्तीचा? टाकी 2500 लिटरहून मोठी असेल, ओढा-नदी 10 मीटरच्या आत असेल, विहीर किंवा झरा 50 मीटरच्या आत असेल, सांडलेलं तेल उघड्या गटारात जाऊ शकत असेल, किंवा भरण्याच्या जागेवरून हवेची नळी दिसत नसेल तर. हे घरगुती, 3500 लिटरपर्यंतच्या टाक्यांचं. त्यापुढे 2001 चे तेलसाठ्याचे वेगळे नियम लागतात. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडचे नियम त्यांचे त्यांचे.

आणखी एक गल्लत मला जास्त काळजीची वाटते. बंड तेल अडवतो, आग नाही. घरापासून 1.8 मीटर आणि कुंपणापासून 760 मिलिमीटर अंतर बंडेड टाकीलाही सोडावंच लागतं. जागा नसेल तर मध्ये अग्निरोधक भिंत हवी. खाली काँक्रीट किंवा फरशीचा ओटा, टाकीच्या चहूबाजूंनी 300 मिलिमीटर पुढे आलेला, म्हणजे गवत टाकीला भिडत नाही.

टाकी आधीचीच असेल तर तपासणीचं झाकण उघडून दोन भिंतींच्या फटीत टॉर्च मारा. तळाशी पाणी चमकलं तर तेवढी जागा तेलासाठी उरली नाही. रॉकेलचा तवंग दिसला तर आतली टाकी गळते आहे. त्याच दिवशी ऑफटेककडे, म्हणजे तेलावरच्या हीटिंगचं काम करणाऱ्यांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदलेल्या तंत्रज्ञाला बोलवा, आणि ते पाणी गटारात ओतू नका.