आमटीतली गोळी

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावातून आलेल्या ताईंनी पदराची गाठ सोडली आणि कागदाची पुडी माझ्या टेबलावर ठेवली. "मालकांना कळू न देता आमटीत घालत होते, मॅडम. काल ते पिऊन आले आणि तोंड लालबुंद झालं, छाती धडधडायला लागली, ओकून ओकून निपचित पडले. वाटलं, आता काय राहत नाहीत."

"पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा" ही जाहिरात आपण सगळ्यांनीच कुठल्या ना कुठल्या भिंतीवर वाचली आहे. बहुतेक पुड्यांत काय असतं ते कळायला मार्ग नसतो. ताईंनी मात्र गोळ्यांचं रिकामं पाकीटही जपून आणलं होतं. औषध होतं डायसल्फिराम.

साताऱ्यात समुपदेशनाचं काम करताना "नकळत गोळी देऊन दारू सुटेल का?" हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला आहे, की या गोळीबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी अॅसिटाल्डिहाइड या विषारी पदार्थात रूपांतर करतं. मग एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या विषाचा निचरा करतं. डायसल्फिराम नेमकं हेच विकर निकामी करतं. विष रक्तात साचतं आणि ताईंनी पाहिलं ते सगळं घडतं. हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. शरीराला नवं विकर तयार करायला वेळ लागतो, म्हणून गोळी थांबवल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो.

हे रसायन मुळात रबराच्या कारखान्यातलं. डेन्मार्कमधले एरिक याकोब्सन आणि येन्स हाल्ड जंतांवरचं औषध म्हणून ते तपासत होते. गोळ्या त्यांनी स्वतः घेऊन पाहिल्या आणि थोडीशी दारूही सोसेना, हे त्यांच्या लक्षात आलं. १९४८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

आता खरी गंमत पाहा. ही गोळी दारूची तलफ कमी करण्यासाठी नाहीच. "आज गोळी घेतली आहे, प्यायलो तर हाल होतील" ही जाणीव माणसाला गुत्त्याच्या दारातून परत फिरवते. म्हणूनच कोणाला खरी गोळी आणि कोणाला खोटी हे रुग्णांपासून लपवून केलेल्या चाचण्यांत तिचा फारसा फरक दिसत नाही, कारण भीती दोन्ही गटांना सारखीच असते. रुग्णाला सांगून, घरच्या माणसाच्या समोर रोज दिली, की तिचा उपयोग दिसतो. म्हणजे आमटीतून दिलेल्या गोळीतला गुण निघून जातो आणि धोका तेवढा ताटात उरतो. ताईंना मी हेच सांगितलं. त्या रडल्या. त्यांचा दोष नव्हता. त्यांना कुणी हे सांगितलंच नव्हतं.

दुसरी चूक नेमकी उलट्या टोकाची. रोज भरपूर पिणाऱ्याला देवापुढे शपथ घालून एका दिवसात दारू बंद करायला लावायची. माळ घालून सुटलेले लोक मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण मेंदूला दारूची सवय जडली असेल तर ती अचानक थांबल्यावर काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी नसलेली माणसं दिसू लागतात. याला वेड किंवा बाहेरची बाधा समजू नका, थेट दवाखाना गाठा. मेंदूला शांत करणारी बेंझोडायझेपिन गटातली औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व वेळेत मिळालं, तर हा काळ सुखरूप पार पडतो.

पुढचं काम लांब पल्ल्याचं असतं. पुन्हा पिणं टाळायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट या गोळ्यांचा उपयोग होतो. आणि बोलणं! गोव्यात वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, पण रीतसर तयार केलेल्या समुपदेशकांनी अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी एक ते चार बैठकांत संवाद साधला. तीन महिन्यांनी त्यातले ३६ टक्के त्या धोक्याबाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या बैठकांत खडसावणं नसतं. दारूतून तुम्हाला काय मिळतं आणि काय जातं, हे त्या माणसाच्याच तोंडून येऊ द्यायचं असतं. दुर्दैवानं २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, घरातून निघणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

ताईंनी मालकांना खरं सांगितलं. ते चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी दोघं आले. दारूचा विषय मी काढलाच नाही, झोपेबद्दल विचारलं. भाऊ गेल्यापासून दोन वर्षं पहाटे तीनला जाग येते, रानात पाय टाकावासा वाटत नाही, म्हणाले. हे नैराश्य होतं, दारू त्यावर ओतली जात होती. मानसोपचारतज्ज्ञांनी दोन्हींवर एकत्रच औषधं सुरू केली.

गावच्या जत्रेत ते पुन्हा प्यायले. सोमवारी सकाळी दार उघडलं तर बाकावर बसलेले होते, हातात औषधांची पिशवी, शेजारी ताई.