गोव्यातल्या माजी सैनिकांसाठी घरकर्ज आणि स्वयंपाकघराचं नूतनीकरण: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

जवान सैन्यातून निवृत्त होतो तेव्हा बहुधा चाळिशीच्या आसपास असतो. ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनची (पेन्शनचा काही भाग आगाऊ एकरकमी घेण्याची) रक्कम हाती आलेली असते, महिन्याची पेन्शन सुरू झालेली असते. सत्तरी किंवा पेडणे तालुक्यात वडिलोपार्जित घर दुरुस्तीला आलेलं असतं, नाहीतर फोंडा-म्हापशाकडे फ्लॅट बघणं चाललेलं असतं. अशा माणसाला कर्ज द्यायला बँका तयार असतात, कारण पेन्शन हे खात्रीचं उत्पन्न आहे. अर्ज रखडतो तो बहुतेक वेळा घराच्या कागदांमुळे. गोव्यातले जमिनीचे कागद आणि वारसाहक्काचे नियम शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा वेगळे आहेत, आणि वीस वर्षं बाहेर पोस्टिंगवर काढलेल्या माणसाला ते माहीत असतीलच असं नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं, की आधी घराचे कागद गोळा करा आणि मगच बँकेची पायरी चढा.

माजी सैनिक म्हणून पात्र कोण

भूदल, नौदल किंवा हवाई दलात सेवा करून पेन्शनसह निवृत्त झालेले, तसंच सेवेमुळे आलेल्या अपंगत्वामुळे बाहेर पडलेले, हे सर्वसाधारणपणे माजी सैनिक धरले जातात. सीमा सुरक्षा दल किंवा सीआरपीएफसारख्या दलांतले निवृत्त कर्मचारी या व्याख्येत येत नाहीत. त्यांना घरकर्ज मिळतं, पण सैनिक कल्याणाच्या योजना लागू होत नाहीत.

ओळखीसाठी माजी सैनिक ओळखपत्र, डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हे तीन कागद लागतात. ओळखपत्र पणजीतल्या सैनिक कल्याण खात्याकडून मिळतं. पीपीओ आता संरक्षण दलांच्या पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवरून उतरवून घेता येतो. तिथलं नाव, जन्मतारीख आणि पत्नीचं नाव आधारशी, पॅनशी अक्षरन् अक्षर जुळतं का ते आधी तपासा. सेवेच्या नोंदीतच चूक असेल तर दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून करून घ्यावी लागते. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावात आहे. या दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून फ्लॅटचं टोकन देण्याआधीच ती मार्गी लावलेली बरी. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला राहून पेन्शन थांबली असेल, तर तेही आधी निस्तरा, कारण बँक मागच्या काही महिन्यांचं खातं बघतेच.

कर्ज किती मिळेल

महिन्याच्या उत्पन्नाच्या साधारण निम्म्यापर्यंत हप्ता बसतो का, हे बँक बघते. इथे कम्युटेशनचा विचार हवा. निम्म्यापर्यंत पेन्शन कम्युट करता येते आणि तो भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. तोवर बँक हाती येणारी पेन्शनच धरते. निवृत्तीनंतर दुसरी नोकरी लागली असेल तर तिच्या पगारस्लिपा जोडा, त्याने पात्रता वाढते. पेन्शनवरच्या कर्जाला कमाल वयाची अट असते. बऱ्याच बँका सत्तर ते पंचाहत्तर वर्षांपर्यंत परतफेडीची मुभा देतात. पेन्शन जिथे जमा होते त्या बँकेत संरक्षण दलांसाठीचं पॅकेज आहे का, हे आधी विचारा. प्रक्रिया शुल्कात सूट तिथेच मिळण्याची शक्यता जास्त.

पत्नीला सहकर्जदार करा. तुमच्या पश्चात तिला कुटुंब पेन्शन मिळेल, पण ती तुमच्या पेन्शनपेक्षा कमी असेल. वाढीव दर ठरावीक वर्षांपुरताच असतो, नंतर साधा दर लागतो. म्हणून हप्ता ठरवताना तिच्या एकटीच्या पेन्शनमधून तो निघेल का, हा हिशोब घरी बसून दोघांनी मिळून करा. कर्जासोबत मुदतीचा विमा घ्यायचा की नाही, हे त्या हिशोबावरूनच ठरतं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी साधारणपणे या किमतीत धरत नाहीत, ते पैसे तुमच्या खिशातले. उदाहरणच घ्या: ३० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के दर धरला तर हप्ता सुमारे २६,००० रुपये येतो. तेच १५ वर्षांत फेडायचं तर सुमारे २९,५०० रुपये.

गोव्यातले घराचे कागद

गावातल्या जमिनीसाठी एक-चौदाचा उतारा (महाराष्ट्रातल्या सातबारासारखा) आणि सर्वे नकाशा, शहरात सिटी सर्वेचा चलता नंबर (भूखंडाचा क्रमांक) आणि फॉर्म डी. नवं बांधकाम असेल तर जमीन बिगरशेती झाल्याची सनद, नगरनियोजन खात्याची मंजुरी, बांधकाम परवाना आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा ऑक्युपन्सी (राहण्यायोग्य असल्याचा) दाखला. त्याशिवाय घरपट्टीची पावती आणि उपनिबंधकाकडून बोजा नसल्याचा दाखला. जुन्या घरांना पोर्तुगीज काळातला मात्रीज (करनोंदीचा) उतारा आणि देस्क्रिसांवची (जमीन नोंदणीतल्या वर्णनाची) नोंद लागू शकते. वकिलाला ती वाचता आली पाहिजे, म्हणून गोव्यात काम करणाराच वकील घ्या.

एक-चौदावर नाव आहे एवढ्यावर समाधान मानू नका. तो महसुली नोंदीचा उतारा आहे. मालकी सिद्ध होते खरेदीखत, वाटणी किंवा वारसाच्या दस्तावरून.

दुसरी गोष्ट पती-पत्नीची. गोव्याच्या नागरी कायद्यात, वेगळा करार केलेला नसेल तर, लग्नानंतर दोघांची मालमत्ता सामायिक होते. म्हणून विकणारा विवाहित असेल तर खरेदीखतावर नवरा-बायको दोघांच्याही सह्या हव्यात. मालमत्ता एका भावाच्या नावावर दिसते म्हणून त्याच्या एकट्याच्या सहीवर व्यवहार केला, तर पुढे वहिनी उभी राहू शकते आणि तिचं बरोबर असतं.

तिसरी गोष्ट, वडिलोपार्जित घर. आजोबांच्या नावाचं घर चार काकांत आणि आत्यांत अजून वाटलेलं नसेल, तर दुरुस्तीसाठीसुद्धा बँक तुमच्या एकट्याच्या अर्जावर कर्ज देणार नाही. आधी विशेष नोटरीकडे (असे दस्त करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) वारसाचा दस्त करावा लागतो, आणि वाटणीवर एकमत नसेल तर न्यायालयात इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणीची प्रक्रिया. हे सगळं २०१२ च्या गोवा वारसाहक्क कायद्याखाली चालतं. मुलींचा हिस्सा मुलांइतकाच असतो, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणींच्याही सह्या लागतात. घर मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) असेल किंवा जमीन कोमुनिदादीची (गावच्या सामाईक मालकीच्या संस्थेची) असेल, तर मामलेदाराकडचे आदेश आणि कोमुनिदादीचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय एक पैसाही देऊ नका.

फ्लॅट बिल्डरकडून घेत असाल तर प्रकल्प गोवा रेरामध्ये (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणात) नोंदलेला आहे का ते बघा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅटच्या प्रकल्पाला ती नोंदणी सक्तीची आहे. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून कापायचा कर) कापून भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी असते.

स्वयंपाकघराचं काम

नवं घर घेताना स्वयंपाकघर करायचंच असेल तर तो खर्च घरकर्जाच्या अर्जातच सांगा, किंवा नंतर नूतनीकरणाचं वेगळं कर्ज घ्या. इंजिनिअरचा किंवा कंत्राटदाराचा सहीशिक्क्याचा अंदाजपत्रक-कागद लागतो. त्यात ओटा, फरशा, नळकाम, वायरिंग आणि भिंतीला जोडलेली कपाटं वेगळी दाखवा. फ्रिज, मिक्सर किंवा सुटं फर्निचर यात सहसा बसत नाही. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे सुटतात, म्हणून जीएसटीची बिलं आणि कामाचे फोटो ठेवत जा.

मुदतीबाबत एक इशारा. तीन लाखांचं काम २० वर्षांच्या घरकर्जात मिसळलं तर ८.५ टक्क्यांनी हप्ता फक्त २,६०० रुपये वाटतो, पण शेवटी सव्वासहा लाखांच्या आसपास भरावे लागतात. तेच तीन लाख १२ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जाने पाच वर्षांत फेडले तर एकूण चार लाखांच्या आसपास जातात. कमी दर बघून हुरळू नका. कमी दर आणि छोटी मुदत दोन्ही मिळत असतील तेच कर्ज घ्या. दुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत राहत्या घरासाठी वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच वजावट मिळते, खरेदीच्या कर्जाला २ लाखांपर्यंत.

आतल्या आत ओटा बदलणं आणि मागची भिंत पाडून चूल-शेगडीची जागा वाढवणं यात फरक आहे. भिंत, छप्पर किंवा घराचा आकार बदलणार असाल तर पंचायतीची किंवा पालिकेची परवानगी आधी घ्या, आणि समुद्राकाठच्या नियंत्रित पट्ट्यात घर असेल तर किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे विचारणा करा. चिऱ्याच्या जुन्या भिंतीत पावसात ओल चढते. ती न थांबवता वर नवी कपाटं ठोकली तर पैसे पाण्यात. सिंकखालच्या कपाटांना आयएस ७१० चिन्हाचं (पाण्याला टिकणारं) प्लायवुड मागा. सिलिंडर उभा ठेवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर असू द्या. गॅसची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला.

पाय गमावलेला किंवा चाकाच्या खुर्चीवर असलेला माजी सैनिक घरात असेल, तर खुर्ची ओट्याखाली शिरेल इतकी मोकळी जागा आणि हाताला येतील असे नळ-स्विच अंदाजपत्रकातच लिहून घ्या. नंतर तोडफोड करून ते करणं महाग पडतं.

सैनिक कल्याणाकडची मदत

केंद्रीय सैनिक मंडळाच्या योजनेत युद्धात मृत्यू आलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांना, युद्धात अपंगत्व आलेल्यांना आणि शांतताकाळात सेवेमुळे बळी पडलेल्यांच्या वारसांना, घर बांधण्याच्या बँककर्जावर भरलेल्या व्याजाचा निम्मा भाग ठरलेल्या मर्यादेत परत मिळतो. शंभर टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांसाठी आणि माजी सैनिकांच्या अनाथ मुलींसाठी घरदुरुस्तीचं २०,००० रुपयांचं अनुदान आहे. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि राज्याच्या सैनिक कल्याण खात्याकडून त्याची शिफारस व्हावी लागते. रक्कम स्वयंपाकघराच्या खर्चाला पुरणारी नाही, तरी हक्काची आहे, सोडू नका.

बँकेने मंजुरी दिली की मुख्य तथ्य विवरणपत्र मागून घ्या. त्यात व्याज, सगळी शुल्कं आणि एकूण भरायची रक्कम एकत्र लिहिलेली असते. बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, म्हणून पेन्शनची थकबाकी हाती आली की मुद्दल कमी करता येतं. कर्ज संपल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात. उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. परत मिळाले की उपनिबंधकाकडचा गहाणाचा बोजा उतरवून नवा दाखला काढा.