सुपर सेशन

सुपर सेशन : ब्लूज-रॉक (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज हे संगीत आणि रॉक यांचे मिश्रण) या संगीतप्रकारातील एक गाजलेला अमेरिकन अल्बम. गिटारवादक माइक ब्लूमफील्ड (१९४३–८१), ऑर्गनवादक, गायक व निर्माते अल कूपर (जन्म १९४४) आणि गिटारवादक स्टीव्हन स्टिल्स (जन्म १९४५) या तिघांच्या नावाने तो कोलंबिया रेकॉर्ड्स या कंपनीने जुलै १९६८ मध्ये बाजारात आणला. मुखपृष्ठावर तिघांची नावे शेजारी शेजारी असली, तरी तिघांनी मिळून वाजवलेले एकही गाणे या अल्बममध्ये नाही. तबकडीच्या पहिल्या बाजूला ब्लूमफील्ड आहेत, दुसऱ्या बाजूला स्टिल्स, आणि कूपर दोन्हीकडे. ही विभागणी आधी ठरवलेली नव्हती. दोन दिवसांच्या ध्वनिमुद्रणात पहिल्या दिवसानंतर मुख्य वादकच निघून गेल्यामुळे ती घडली.

अल्बमची मुळे १९६५ मधील एका प्रसंगापर्यंत जातात. त्या वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कला बॉब डिलन यांच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण होते. निर्माते टॉम विल्सन यांच्या निमंत्रणावरून आलेले कूपर गिटार वाजवायला मिळेल या आशेने स्वतःची गिटार घेऊन स्टुडिओत बसले होते. इतक्यात ब्लूमफील्ड आले आणि हात मोकळा करण्यापुरते थोडे वाजवू लागले. ते ऐकताच कूपर यांनी आपली गिटार पेटीत ठेवून दिली. पुढे ऑर्गनची जागा रिकामी दिसताच ते तिथे जाऊन बसले, आणि त्या वाद्यावर फारसा हात नसतानाही त्यांनी वाजवलेले सूर त्या गाण्याची ओळख ठरले. ब्लूमफील्ड यांच्या वादनाविषयी कूपर यांना वाटणारा आदर त्या दिवसापासूनचा आहे, आणि तो समजून घेतल्याखेरीज हा अल्बम का निघाला हे नीट कळत नाही.

ब्लूमफील्ड हे शिकागोतील एका सधन ज्यू घरातले. शाळकरी वयातच ते शहराच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या क्लबांत जाऊ लागले आणि मडी वॉटर्स यांच्यासारख्या बुजुर्गांसमोर बसून ब्लूज शिकले. पॉल बटरफील्ड यांच्या वाद्यवृंदात असताना त्यांनी ‘ईस्ट-वेस्ट’ (१९६६) ही सुमारे तेरा मिनिटांची वाद्यरचना उभी केली. एकच आधारस्वर धरून हळूहळू चढत जाणारी तिची बांधणी त्यांना भारतीय रागसंगीताच्या श्रवणातून सुचली होती. रॉक संगीतातील लांबलचक गिटारवादनाचा इतिहास लिहिताना या रचनेपासून सुरुवात करणे रास्त ठरेल. १९६७ मध्ये त्यांनी ‘इलेक्ट्रिक फ्लॅग’ हा स्वतःचा वाद्यवृंद काढला. परंतु निद्रानाश, अमली पदार्थ आणि संघ चालवण्याचा ताण यांमुळे वर्षभरातच तेही काम त्यांच्या हातून सुटत गेले.

कूपर यांचीही अवस्था तशीच होती. ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ या त्यांनीच स्थापन केलेल्या वाद्यवृंदाचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९६८ मध्ये आला आणि त्यानंतर लगेच त्यांना त्या वाद्यवृंदाबाहेर पडावे लागले. कोलंबियाने त्यांना निर्माता म्हणून नोकरीवर घेतले. ब्लूमफील्ड मैफलीत जसे वाजवतात तसे तोपर्यंतच्या एकाही तबकडीवर उतरलेले नाही, असे कूपर यांचे ठाम मत होते. त्यांना स्वस्थपणे, कोणत्याही वाद्यवृंदाची जबाबदारी खांद्यावर न टाकता वाजवू दिले तर काय होईल, हे पाहण्याची त्यांची इच्छा होती. जॅझमध्ये ही पद्धत जुनीच होती. एरवी वेगवेगळ्या संघांत असलेले वादक एका दिवसापुरते स्टुडिओत जमत, चार ओळखीच्या चाली ठरवत आणि वाजवत. मात्र रॉकमध्ये अल्बम हा वाद्यवृंदाचाच असतो अशी तेव्हा समजूत होती.

मे १९६८ मध्ये कूपर यांनी लॉस एंजेलिस येथील कोलंबियाच्या स्टुडिओत दोन दिवस राखून ठेवले. बेस गिटारवर हार्वी ब्रूक्स आणि ड्रमवर एडी हो होते. इलेक्ट्रिक पियानोसाठी बॅरी गोल्डबर्ग काही गाण्यांपुरते आले. ब्रूक्स आणि गोल्डबर्ग हे दोघेही इलेक्ट्रिक फ्लॅगमधले, म्हणजे ब्लूमफील्ड यांच्या सवयीचे वादक होते. पहिला दिवस सुरळीत पार पडला आणि पुरेसे ध्वनिमुद्रण हाती आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कूपर उठले तेव्हा ब्लूमफील्ड यांच्या खोलीत कोणी नव्हते. झोप लागली नाही, म्हणून घरी जातो, अशा अर्थाची चिठ्ठी तेवढी होती. स्टुडिओ राखलेला, वादक येऊन बसणार आणि अल्बम अर्धाच झालेला, अशा स्थितीत कूपर यांनी ओळखीच्या गिटारवादकांना दूरध्वनी करायला सुरुवात केली. त्यांतून स्टिल्स यांचा होकार आला. त्यांचा ‘बफेलो स्प्रिंगफील्ड’ हा वाद्यवृंद त्याच महिन्यात विसर्जित झाला होता आणि ते मोकळे होते.

पहिल्या बाजूवर पाच रचना आहेत. ‘अल्बर्ट्स शफल’ ही प्रारंभीची वाद्यरचना म्हणजे साधे बारा बारांचे ब्लूज आहे. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार मिळून एक आवर्तन होते, आणि ते संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शफल म्हणजे प्रत्येक मात्रेचे तीन भाग कल्पून पहिला आघात दोन भागांचा आणि दुसरा एका भागाचा ठेवल्यावर येणारी झुलती लय. या ओळखीच्या चौकटीत ब्लूमफील्ड काय करतात हे एक आवर्तन नीट लक्ष देऊन ऐकले तरी उमगते. ते स्वरांची गर्दी करत नाहीत. एक छोटे वाक्य वाजवून थांबतात, ऑर्गनला बोलू देतात, मग तेच वाक्य तार ओढून थोडे वरच्या स्वरावर नेतात आणि तिथे तो स्वर थरथरता धरून ठेवतात. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारचा जाड, लांबणारा नाद त्यांना यासाठी उपयोगी पडतो. आवर्तनाच्या शेवटच्या दोन बारांत ते असे काही वळण घेतात, की पुढचे आवर्तन सुरू होणे अटळ वाटावे. मींड आणि समेची ओढ ज्यांच्या कानांत मुरली आहे अशा मराठी श्रोत्याला हे वादन परके वाटू नये.

जेरी रॅगोव्हॉय व मॉर्ट शूमन यांची ‘स्टॉप’ आणि कर्टिस मेफील्ड यांची ‘मॅन्स टेम्प्टेशन’ ही दोन्ही गाणी सोल या कृष्णवर्णीयांच्या भावपूर्ण गायनप्रकारातून घेतलेली आहेत. पहिले येथे शब्दांविना वाजवले आहे. दुसरे कूपर यांनी गायले असून ते या बाजूवरचे एकमेव गायलेले गाणे आहे. त्यांचा आवाज मर्यादित पल्ल्याचा आहे हे मान्य करूनही त्यातला प्रामाणिकपणा जाणवतो. ‘हिज होली मोडल मॅजेस्टी’ ही नऊ मिनिटांहून मोठी रचना वर्षभरापूर्वी निधन पावलेले जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांना उद्देशून आहे. तिच्यात कूपर यांनी ऑन्डिओलिन हे फ्रेंच बनावटीचे इलेक्ट्रॉनिक वाद्य वाजवले आहे. या वाद्याच्या पट्ट्या स्प्रिंगवर बसवलेल्या असतात. त्यामुळे पट्टी दाबून बोट आडवे हलवले की स्वर कंप पावतो, आणि नाद सनईच्या जवळ जातो. एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ रेंगाळण्याची ‘ईस्ट-वेस्ट’मधील रीत इथे पुन्हा भेटते, पण तिची धार कमी आहे. वादकांनी वाट शोधत वाजवल्याचे जाणवते आणि मधला काही भाग लांबलेला वाटतो. ‘रिअली’ हे संथ ब्लूज मात्र पहिल्या बाजूचा उचित शेवट आहे.

दुसऱ्या बाजूची सुरुवात डिलन यांच्या ‘इट टेक्स अ लॉट टू लाफ, इट टेक्स अ ट्रेन टू क्राय’ या गाण्याने होते. १९६५ च्या मूळ ध्वनिमुद्रणात कूपर आणि ब्लूमफील्ड दोघेही होते आणि त्याच वर्षीच्या न्यूपोर्ट येथील लोकसंगीत महोत्सवात त्यांनी त्याची जलद आवृत्ती डिलन यांच्यासोबत वाजवली होती. तेच गाणे येथे ब्लूमफील्ड नसताना, जलद लयीत आले आहे. यानंतर येणारे गायक-गीतकार डोनोव्हन यांचे ‘सीझन ऑफ द विच’ अकरा मिनिटांचे आहे आणि अमेरिकन रेडिओवर ते अतिशय लोकप्रिय झाले. त्यात स्टिल्स यांनी वाह-वाह पेडल वापरले आहे. पायाने हे पेडल मागेपुढे दाबले की गिटारचा नाद तोंड उघडल्या-मिटल्यासारखा बदलतो. कूपर ओळ गातात, स्टिल्स त्या ओळीच्या टोकाला दोन-तीन स्वरांचे उत्तर देतात आणि गप्प होतात. ब्लूमफील्ड यांच्याइतकी तयारी किंवा ब्लूजचा अभ्यास स्टिल्स यांच्याकडे नाही. मात्र लयीशी खेळण्याची आणि जागा सोडण्याची त्यांची समज उत्तम आहे, आणि बदली वादक म्हणून आलेल्या माणसाने आपल्या मर्यादा ओळखून स्वतःच्या बळावर गाणे उभे करावे याचे हे फार चांगले उदाहरण आहे. विली कॉब्स यांच्या ‘यू डोन्ट लव्ह मी’ या ब्लूजवर फ्लँजिंग हा तांत्रिक संस्कार केलेला आहे. त्यात एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती किंचित मागेपुढे वाजवून विमान डोक्यावरून जावे तसा सरकता नाद मिळवतात. आज तो त्या काळाची खूण म्हणूनच ऐकला जातो. ब्रूक्स यांची ‘हार्वीज ट्यून’ ही दोन मिनिटांची शांत रचना शेवटी आहे.

मूळ ध्वनिमुद्रणानंतर कूपर यांनी काही गाण्यांवर ट्रम्पेट, सॅक्सोफोन इत्यादी वाद्यांचा ताफा चढवला. विस्कळीत वाटू शकणाऱ्या वादनाला त्यामुळे बांधीव रूप आले. पण ‘अल्बर्ट्स शफल’सारख्या ठिकाणी गिटारने जाणीवपूर्वक मोकळी ठेवलेली जागा हा ताफा भरून टाकतो, असा आक्षेपही घेता येतो.

अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन संगीतविषयक नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत बाराव्या स्थानापर्यंत पोहोचला आणि त्याला सुवर्ण तबकडीचा मान मिळाला. ब्लूमफील्ड आणि कूपर या दोघांच्याही नावावर तोवर एवढे व्यावसायिक यश नव्हते. कंपन्यांच्या दृष्टीने धडा सरळ होता. नामवंत वादकांना त्यांच्या संघांतून काढून थोड्या दिवसांसाठी एकत्र आणले, तर श्रोते तबकडी विकत घेतात. पुढच्याच वर्षी ‘ब्लाइंड फेथ’ आणि स्टिल्स यांचा सहभाग असलेला ‘क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश’ हे संघ पुढे आले आणि सुपरग्रुप हा शब्द रूढ झाला. पुढील दशकांत ज्येष्ठ ब्लूज गिटारवादकांनी पाहुण्या कलाकारांसह अल्बम काढण्याची जी प्रथा पडली, तिच्या आरंभीच्या टप्प्यांपैकी हा एक मानावा लागेल. मात्र नंतरच्या पुष्कळ अल्बममध्ये पाहुणा येतो, आपले एक गाणे वाजवून जातो आणि बाकीच्या वादकांशी त्याचा संवाद होत नाही. १९६८ च्या या दोन दिवसांत ते टळले, कारण सर्व वादक एका खोलीत, एकमेकांकडे पाहत वाजवत होते.

यशानंतर कूपर यांनी सप्टेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट या संगीतसभागृहात तीन रात्रींचे कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले. तिसऱ्या रात्री ब्लूमफील्ड निद्रानाशामुळे रुग्णालयात होते. त्यांच्या जागी वाजवणाऱ्यांत एल्विन बिशप आणि तेव्हा अल्बम न निघालेले कार्लोस सँताना होते. त्या मैफलींच्या अल्बमचे मुखपृष्ठ चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांनी रंगवले. तारांकित वादक म्हणून होणाऱ्या प्रसिद्धीची ब्लूमफील्ड यांना ओढ नव्हती, किंबहुना तिचे त्यांना ओझेच वाटे. पुढे ते बहुतेक लहान क्लबांत आणि लहान कंपन्यांसाठी वाजवत राहिले. फेब्रुवारी १९८१ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचा मृत्यू झाला.

कोलंबियाने २००३ मध्ये अल्बमची नवी आवृत्ती काढली. तिच्यात ‘अल्बर्ट्स शफल’ आणि ‘सीझन ऑफ द विच’ ही दोन गाणी वाद्यताफा वगळूनही दिलेली आहेत. ताफा निघून गेल्यावर ब्लूमफील्ड यांच्या दोन वाक्यांमधली शांतता ऐकू येते, आणि त्या शांततेत कूपर यांचा ऑर्गन हलक्या हाताने चालू असतो.